मोवरच्या डेकखाली पाणी मारायचं की खरवडायचं?

हिरवळ_मुकादम
बसून चालवायच्या मोवरच्या (गवत कापायच्या मशीनच्या) डेकखाली, म्हणजे ब्लेडवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली, गवताचा चोथा चिकटतो, थरावर थर चढतो आणि मग मशीन गवत फेकायचं सोडून ओकायला लागते. मागे ओल्या गोळ्यांची रांग. इथवर कोणाचा वाद नसावा. वाद उपायाचा आहे. कापून झालं की पाईप घेऊन डेकखाली फवारा मारायची जी पद्धत पडली आहे, ती मुंबईत तरी बंद करा.

पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शेडमध्ये उभी केलेली मशीन चार-चार दिवस सुकत नाही. फवाऱ्याने वरचा चोथा निघतो, पण आतला पातळ थर तसाच राहतो आणि त्याच्या आड पाणी पत्र्याला धरून बसतं. खडी लागून रंगाचे टवके उडालेत तिथून गंज सुरू. शिवाय बागेला पाणी कुठलं? टँकरचं नाहीतर बोअरचं. समुद्राजवळ बोअरला खारट पाणी लागलं असेल तर विचारूच नका. आणि स्पिंडलचं, म्हणजे ब्लेड ज्यावर फिरतं त्या दांड्याचं, बेअरिंग? प्रेशर वॉशरची धार सीलच्या आत शिरली की ग्रीस बाहेर, पाणी आत.

मशीन थांबल्या थांबल्या, चोथा ओला असताना, रंगाऱ्याच्या पुट्टीच्या पट्टीने खरवडा. सलग सुटून येतो. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर पटाशी लागते, आणि पटाशी लागली की रंग गेलाच.

ग्रीसगन
साफ असहमत. डेकवर पाईप जोडायचं तोंड कंपनीने काय शोभेला दिलंय? मशीन सपाट जागी उभी करा, पाईप जोडा, तो ब्लेडच्या आणि चाकांच्या वाटेत येत नाही ना बघा, सीटवर बसून इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं ब्लेड फिरवा. पाणी बंद केल्यावर ब्लेड आणखी थोडा वेळ नुसतंच फिरू द्या, बरंचसं पाणी झटकलं जातं. हे कापल्यावर लगेच करायचं असतं. चोथा वाळल्यावर पाणी मारणारे नंतर इथे येऊन पाण्याला शिव्या घालतात.

तुमचा बेअरिंगचा मुद्दा प्रेशर वॉशरला लागू आहे, साध्या पाईपला नाही. दोन्ही एकाच माळेत ओवू नका. आणि ताज्या गवतात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. तो चोथा डेकखाली राहू देणं म्हणजे ओलं पोतं पत्र्याला बांधून ठेवणं.

हिरवळ_मुकादम
राहू द्या असं मी म्हटलंय कुठे? काढाच म्हणतोय, फक्त हाताने.

त्या तोंडाची गंमत सांगतो. ब्लेडच्या फेऱ्यात येतं तेवढंच धुऊन निघतं. तीन ब्लेडच्या डेकखाली टॉर्च मारून बघा: मधला भाग चकचकीत, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या पाचरीत, पुढच्या कडेच्या आतल्या वाकात, गवत बाहेर पडतं त्या तोंडाच्या कोपऱ्यात हिरवट-काळे गठ्ठे. बोटाने उचकटले तर आंबूस वास येतो आणि मागे पत्रा तपकिरी. वरून बघणाऱ्याला वाटतं, धुतलं बरं का. त्यात मैदानावर लाल माती असेल (शिवाजी पार्कच्या आसपास राहणाऱ्यांना ही माती नाकातोंडाने माहीत आहे) तर गवताच्या रसात मिसळून ती जी काही बसते, तिला पाईपचं पाणी ढिम्म हलवत नाही.

आउटफील्ड
दोघंही मागाहूनचं भांडण भांडताय. चोथा मुळात चिकटतो का?

ब्लेडची मागची कड वर वळलेली असते. फिरताना ती हवा वर ओढते, त्या ओढीने गवत उभं राहतं, कापलं जातं आणि त्याच हवेवर स्वार होऊन बाहेर पडतं. हवा कमी पडली की गवत डेकला धडकून तिथेच बसतं. बसलं की हवेची जागा आणखी अरुंद. अमेरिकी मानकात ब्लेडच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास. यावरून कळेल की हे यंत्र जोरात फिरण्यासाठीच आहे. आपला माणूस करतो काय? पेट्रोल वाचवायला थ्रॉटल अर्धा आणि काम उरकायला गाडी पळवतो. म्हणजे हवा कमी, गवत जास्त. उलटं करा: थ्रॉटल पूर्ण, चाल संथ.

दुसरं, गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त एका दमात कापू नका. पावसामुळे सुटलेली हरळी घोट्याच्या वर आली असेल तर आधी डेक उंच ठेवून एक हात फिरवा, दोन-तीन दिवसांनी खाली घ्या. तिसरं, ब्लेडला धार. बोथट ब्लेड कापत नाही, फाडतं, आणि फाटलेल्या गवताचा रस जास्त निघतो. चोथ्याला चिकटपणा त्याचाच. आणि जमेल तेव्हा उघडीप बघून दुपारी कापा, सकाळी नको.

ओलाचिंब
जुलैत उघडीप! ती ज्या दिवशी मिळते त्या दिवशी मोवर चालवणारा गावाला गेलेला असतो. पुढचा सल्ला घ्या.

आउटफील्ड
@ओलाचिंब, १९४८ पासून क्रिकेटची कांगा लीग भर पावसाळ्यात खेळणाऱ्या शहराला ओल्या गवताचं एवढं कौतुक नसावं. उघडीप नसेल तर पट्टा अर्धा घ्या. डेकची अर्धीच रुंदी गवतावर, अर्धी कापलेल्या भागावर. वेळ दुप्पट लागतो, पण डेक तुंबत नाही.

गॅरेज_कुर्ला
एवढी चर्चा कशाला? डेक आतून साफ करून ब्रशने जळकं ऑइल लावा. गवत चिकटत नाही, गंज धरत नाही, खर्च शून्य. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मशीनला हेच करतो.

ग्रीसगन
काका, याच्यापेक्षा मुकादमांची पट्टी बरी. जळकं ऑइल पहिल्या पाच मिनिटांत गवतावर उडतं आणि जिथे थेंब पडतो तिथे पिवळा डाग. उरलेल्यावर धूळ बसून वेगळाच लेप तयार होतो. पाऊस पडला की सगळं गटारात. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, मैदानावर शिंपडायची वस्तू नव्हे. लावायचंच तर ग्रॅफाइटचा कोरडा स्प्रे मिळतो किंवा सिलिकॉनचा. पत्रा स्वच्छ आणि कोरडा करून लावायचा. तोही मातीने घासून जातो, अधूनमधून परत मारावा लागतो. चोथा बसायचा थांबत नाही, सुटायला सोपा जातो इतकंच.

गॅरेज_कुर्ला
आम्ही वर्षानुवर्षं लावतोय, एकही डेक सडलेलं नाही.

हिरवळ_मुकादम
डेक नसेल सडलं. लॉनचं विचारा की लॉनवाल्याला.

निशिगंधा
इतका वेळ वाचतेय. एक प्रश्न कोणीच विचारला नाही: मुकादम, खरवडणार कोण? तुम्ही की रोजावरचा माळी? पुढचं चाक जॅकवर, माणूस खाली आडवा, हातात पट्टी, डोक्यावर तीन ब्लेड. जॅक घसरला तर? प्लगची वायर काढली नसेल आणि कोणी चुकून इंजिन सुरू केलं तर? त्यात मुंबईचा पावसाळा म्हणजे लेप्टो, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप. ज्या गवतातून उंदीर फिरतात त्याचा चोथा उघड्या हातांनी काढायचा, आणि ब्लेडजवळ बोटं कापायला कितीसा वेळ लागतो? जखमेतून लेप्टो शिरतो हे महापालिका दर पावसाळ्यात ओरडून सांगते.

म्हणून मी ग्रीसगनच्या बाजूने. पाईपने जेवढं निघतं तेवढं रोज काढा. माणसाला मशीनखाली जितक्या कमी वेळा घालाल तितकं बरं. कोपऱ्यांत राहिलं तर राहू दे चार दिवस. डेक नवीन मिळतं.

हिरवळ_मुकादम
ताई, नुसत्या जॅकवर मशीनखाली कोणी शिरू नये, यावर वादच नाही. पण त्यासाठी खाली शिरावं लागत नाही. किल्ली काढा, प्लगची वायर काढा, बेल्ट उतरवा, पिना काढा आणि डेक बाजूने बाहेर ओढा. बहुतेक मशीनना ही सोय आहे. डेक उलटं करून भिंतीला टेकवलं की माणूस स्टुलावर बसून आरामात साफ करतो. हातात रबरी मोजे, पायात गमबूट, कापलेलं बोट असेल तर तो माणूस त्या कामाला नाही. ग्रीस मारायच्या निपलही तेव्हाच हाताशी येतात.

रोज हे होणार नाही, मान्य. पण दर आठवड्याला तरी व्हायला हवं, आणि त्याची मजुरी वेगळी द्यायला हवी. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते इथे. पाईप फुकट पडतो म्हणून पाईप लोकप्रिय.

ग्रीसगन
मजुरीचं खरं आहे. पण मग शीर्षक बदला. रोज पाईप आणि आठवड्याला डेक उतरवणं यात भांडण कुठे आहे?

हिरवळ_मुकादम
आहे ना, खाऱ्या बोअरचं पाणी अजून शिल्लक आहे. तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही.

ग्रीसगन
शेडच्या पन्हळीखाली पिंप ठेवा. पावसाळ्यात मुंबईत गोडं पाणी नाही, असं तरी म्हणू नका.

ओलाचिंब
आमच्या मशीनला मल्चिंग किट (गवत बारीक करून लॉनवरच टाकणारं) लावलेलं आहे, बाहेर पडायचं तोंडच बंद. त्याचं काय करायचं?

आउटफील्ड
पावसाळ्यात काढून ठेवा. तोंड बंद म्हणजे गवत आतच फिरत बसतं, बारीक होतं आणि सगळ्यात आधी छताला चिकटतं. ऑक्टोबरनंतर परत लावा. काढल्यावर बाजूचं झाकण खाली पडलेलं आहे ना तेवढं बघा, खडे त्याच बाजूने उडतात.