फिनलंडचा तळ्यांचा प्रदेश: आई-बाबांना घेऊन काय काय बघावं?

गौरी_एस्पो
नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा नाशिकहून येतायत. त्यांना घेऊन चार रात्री सायमा तळ्याच्या भागात जायचा बेत आहे, गाडी आमचीच. सावोनलिन्ना, कुओपिओ, कोली आणि युवॅस्कुला अशी यादी काढली आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पण जिने नको म्हणते. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना इतिहासाची आवड. मुक्काम कुठे करावा? तळ्यातले सील प्राणी खरंच दिसतात का? आणि सावोनलिन्नाच्या किल्ल्यातला ऑपेरा बघावा का?

रानवाटा
गौरीताई, चार रात्रींत चार गावं करू नका, अगदी कळकळीने सांगतो. नकाशावर दोन गावं समोरासमोर दिसतात, पण मध्ये पाणी असतं आणि रस्ता मोठा वळसा घेऊन जातो. एकटं सायमाच साधारण ४,४०० चौरस किलोमीटरचं आहे, त्यात हजारो बेटं. वयस्कर माणसं मागच्या सीटवर अवघडून बसतील आणि तळं फक्त काचेतून दिसेल.

सावोनलिन्नाच्या आसपास एकच मुक्काम ठेवा. हेलसिंकीहून सुमारे ३४० किमी, जेवणाचा थांबा धरून पाच तास. जुलैत ऑपेरा महोत्सव असतो, गावातल्या खोल्या महाग होतात. म्हणून पुंकाहार्यू किंवा केरिमॅकीच्या बाजूला तळ्याकाठची मोक्की (भाड्याने मिळणारं लाकडी सुट्टीघर) घ्या. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: नळाला पाणी आहे का, संडास आत आहे का, चादरी आणि शेवटची साफसफाई भाड्यात धरली आहे का. जुन्या मोक्क्यांमध्ये पाणी विहिरीवरून आणावं लागतं, आईंना ते झेपणार नाही.

आता किल्ला. ओलाविनलिन्ना बाबांना नक्की आवडेल. १४७५ मध्ये एरिक अक्सेल्सन टोट या सरदाराने तो बांधायला घेतला, कारण पूर्वेकडून रशियाचा धोका होता आणि स्वीडनच्या राज्याची ही सीमा राखायची होती. १७४३ च्या तहानंतर तो रशियाकडेच गेला. किल्ला भर पाण्यात, खडकाच्या बेटावर आहे. पुलावरून जाताना मध्ये थांबून खाली बघा. दोन तळ्यांमधल्या त्या चिंचोळ्या वाटेतून पाणी इतक्या ओढीने वाहतं की एरवी सगळं गोठलेलं असताना तिथे मात्र पाणी मोकळं राहतं. शत्रूला हिवाळ्यात बर्फावरून चालत यायची सोय नाही. जागा का निवडली ते तिथे उभं राहिलं की कळतं.

बुरुजांचे जिने मात्र उंच आणि अरुंद आहेत. बाबांना गाइडबरोबर वर पाठवा, आईंबरोबर कोणीतरी बाहेर काठावर थांबा. माझ्या मते किल्ल्याचं खरं देखणं रूप समोरच्या काठावरूनच दिसतं, संध्याकाळी तर फारच.

मृण्मयी
ऑपेराबद्दल: हा महोत्सव १९१२ मध्ये आइनो आक्ते या गायिकेने सुरू केला. प्रयोग किल्ल्याच्या आवारात होतात, वर छत असतं, पण दगडी भिंतींमुळे जुलैतही गारठा जाणवतो. तिकिटं महाग आहेत आणि प्रयोग तीन-तीन तास चालतात. आई-बाबांना संगीत नाटकांची सवय आणि गोडी असेल तर जरूर घ्या, शाली विसरू नका. नुसतं 'एकदा बघायचं' म्हणून असेल तर तेवढ्या पैशात मोक्कीची एक रात्र वाढवा.

ओंकार_तांपेरे
सीलची आशा फार ठेवू नका. सायमा नॉर्पा हा सील जगात फक्त याच तळ्यात आहे. हिमयुगानंतर जमीन वर येत गेली, समुद्राची वाट बंद झाली आणि हे सील गोड्या पाण्यात अडकले. आज त्यांची संख्या शेकड्यांतच आहे. मे महिन्यात अंगावरचे जुने केस गाळायला ते खडकांवर पडून राहतात, तेव्हा दिसायची शक्यता चांगली. जुलैत नशीब लागतं. तरी ओरावी गावातून लिन्नानसारी राष्ट्रीय उद्यानाकडे बोट जाते, ती घ्याच. सील नाही दिसला तरी बेटांमधून जाणारा तो पाण्याचा रस्ताच बघण्यासारखा आहे.

रानवाटा
राहिलेलं सांगतो. पुंकाहार्यू म्हणजे सुमारे सात किलोमीटर लांब, अरुंद कटक, म्हणजे पाठीच्या कण्यासारखा उंचवटा. हिमनदीच्या वितळत्या पाण्याने वाळू-खडी आणून टाकली, त्यावर पाइनची झाडं उभी, दोन्ही अंगांना तळं. आईंसाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. कटकाच्या माथ्यावरून जुना रस्ता आहे, हवं तेवढं चालायचं, थांबायचं. पायाखाली सुयांसारखी पानं, त्यामुळे पाऊल मऊ पडतं. जवळच लुस्तो हे वनसंग्रहालय आहे, पाऊस आला तर तिथे शिरा.

केरिमॅकीचं चर्च १८४७ मध्ये पूर्ण झालेलं, अख्खं लाकडाचं, बाकांवर तीन हजारांहून जास्त माणसं मावतात. एका खेडेगावात! आत शिरल्यावर मान वर करून बघत राहतो आपण. ते फक्त उन्हाळ्यात वापरतात, तेव्हा वेळ बरोबर साधते आहे.

कोलीवाला
कोली असं बाजूला टाकू नका. उक्को-कोली ३४७ मीटर उंच, खाली पिएलिनेन तळं आणि त्यातली बेटं. एअरो यार्नेफेल्टसारखे चित्रकार या देखाव्यासाठी पुन्हा पुन्हा तिथे गेले. पार्किंगपासून हॉटेलपर्यंत लिफ्ट आहे.

रानवाटा
कोली सुंदर आहे, वाद नाही. पण सावोनलिन्नाहून जवळपास २०० किमी, आणि लिफ्टनंतरही माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत. पुढच्या खेपेला स्वतंत्र जा. एक दिवस लांब जायचंच असेल तर हेइनॅवेसीचा वालामो मठ बघा. १९४० मध्ये युद्धामुळे लाडोगा तळ्यातलं आपलं बेट सोडून आलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधूंनी इथे पुन्हा मठ वसवला. सोबत आणलेल्या मूर्तिचित्रांची (संतांच्या पवित्र चित्रांची) माहिती बाबा तासभर वाचत बसतील. जेवणाची सोय आहे.

अश्विनी_जो
खाण्याचं: सावोनलिन्नाच्या बाजारचौकात लोर्त्सी मिळते, अर्धचंद्राकार तळलेली. सफरचंदाची मागा, दुसरी मांसाची असते. कार्यालानपीराक्का म्हणजे राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत दुधातला भात. त्यावर मुनावोई नावाचं अंडं-लोणी लावतात, ते नको म्हणून आधीच सांगा आणि पाकीट असेल तर घटक वाचा. मुइक्कूचा वास चौकभर असतो, ते छोटे मासे आहेत. बाकी मोक्कीत कुकर आणि तूरडाळ न्याच. जुलैच्या शेवटाकडे जंगलात ब्लूबेरी पिकतात, कोणीही तोडू शकतं, तसा इथे हक्कच आहे. तुम्ही थोड्या आधी जाताय, पण रानस्ट्रॉबेरी वाटेच्या कडेला सापडतील.

गौरी_एस्पो
सगळ्यांचे मनापासून आभार. पुंकाहार्यूजवळची मोक्की बघितली, नळ आणि संडास आत आहे, उद्या बुक करते. किल्ला, कटक, केरिमॅकी आणि ओरावीची बोट, एवढंच. वालामो हवा बघून ठरवू. बाबांना अंधाराशिवाय झोप लागत नाही, तिथे कसं असतं?

अश्विनी_जो
सूर्यच साडेदहानंतर मावळतो आणि त्यानंतरही काळोख असा होत नाही. मोक्कीत पडदे बहुधा पातळ असतात, डोळ्यांवरची पट्टी न्या. डासांसाठी मलम इथल्याच दुकानातून घ्या, आणि संध्याकाळी धक्क्यावर बसताना आईंना पायमोजे घालायला सांगा.