मदत हवी आहे: फाइल्स डिलीट केल्या, तरी सर्व्हरवर जागा मोकळी होत नाही

मंडळी, ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम आहे, सांबातून (नेटवर्कवर फाइल्स शेअर करणारं सॉफ्टवेअर) शेअर केलेली. जुने व्हिडिओ डिलीट केले, फोल्डर रिकामं दिसतं, पण जागा तेवढीच. सांबाचं रिसायकल बिन बंद आहे, सर्व्हर रीस्टार्टही करून झाला. 'झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस' या कमांडमध्ये यूज्डस्नॅप ९०० जीबी दिसतंय, म्हणजे जागा स्नॅपशॉटांनी (डेटाच्या त्या-त्या वेळच्या गोठवलेल्या प्रतींनी) अडवलीये. गोम अशी, की एकेका स्नॅपशॉटसमोर जेमतेम काही एमबी! सामाईक डेटा कुणा एकाच्या खात्यात धरत नाहीत, एवढं कळलं. मग सलग स्नॅपशॉट एकदम उडवायचे तर 'डिस्ट्रॉय -एनव्ही' (काही न उडवता किती जागा सुटेल ते सांगणारी कमांड) आधी दाखवतं तो आकडा भरवशाचा असतो का? मार्चअखेरचा स्नॅपशॉट हिशेबांसाठी ठेवायलाच हवा. त्यातही तेच व्हिडिओ असतील तर जागा सुटणारच नाही ना? हिशेब वेगळ्या डेटासेटमध्ये (झेडएफएसमधला स्वतंत्र विभाग) कॉपी करून तोही काढावा का? कृपया लवकर सांगा, पूल (झेडएफएसमधली सगळ्या डिस्कची एकत्रित जागा) ९६ टक्के भरलाय.