मदत हवी आहे : उतारावर आधी पार्किंग ब्रेक की आधी ‘पी’ (पार्क) गिअर?

नमस्कार. आमच्या ऑटोमॅटिक गाडीत इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचे बटण ओढल्यावर मागच्या चाकांजवळच्या छोट्या मोटारी ब्रेक पॅड डिस्कवर आवळतात, तर गिअर ‘पी’वर नेल्यास गिअरबॉक्समधला एक खटका दातेरी चाकात अडकतो, एवढे मला समजले आहे. घरासमोरच्या उतारावर मात्र सकाळी ‘पी’मधून ‘आर’मध्ये (रिव्हर्स, म्हणजे मागे जाण्याचा गिअर) जाताना ‘खट्’ असा आवाज येऊन गाडीला हिसका बसतो. बहुधा सारा भार त्या खटक्यावरच येत असावा. तेव्हा पायब्रेक दाबून ‘एन’वर (न्यूट्रल) पार्किंग ब्रेक लावावा, पायब्रेक हळूच सोडून गाडी स्थिरावू द्यावी आणि मगच तो पुन्हा दाबून ‘पी’ निवडावा, हा क्रम योग्य आहे का? शिवाय बॅटरी पूर्ण उतरल्यास (जुन्या हँडब्रेकला ही चिंता नव्हती) हा ब्रेक कसा सोडवायचा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.