मदत हवी आहे: दम्याचा पंप शाळेत कुठे ठेवता?

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीला दमा आहे. ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवतात, व्हरांड्यात काजळी पडते आणि तिला धाप लागते. खांदे उचलून श्वास घेते, गळ्याखालची खळगी आत ओढली जाते. बघवत नाही हो.

डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलचा (श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारं औषध) निळा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) दिलाय. पण तो ऑफिसच्या कपाटात, किल्ली हेडसरांकडे. इतर पोरं खेळतील ही त्यांची काळजी खरी आहे, तरी माझ्या मते पंप तिच्या दप्तरातच हवा. धाप लागल्यावर किल्ली शोधत बसायचं का?

तुमच्या शाळेत कसं करता? किती फवारे, किती वेळाने, 108 ला फोन कधी, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घेतलेला कागद कुणाकडे असेल तर नमुना पाठवा. तिची आजी म्हणते पंपाची सवय लागते, त्यामुळे घरचे कचरतात. त्यांना कसं समजावलंत, तेही सांगा. आणि खेळाच्या तासाला तिला बसवून ठेवायला माझं मन घेत नाही. धावण्याआधी पंप देऊन कुणी मुलांना खेळवता का?