गेस्ट घरात, आपण लांब आणि रात्री पाईप निसटला तर?

वीकेंड_होस्ट
नमस्कार मंडळी. सुट्टीसाठी भाड्याने देतो ते घर आम्ही राहतो तिथून बरंच लांब आहे, मॅनेजर ठेवलेला नाही, बुकिंग, चावी, साफसफाई सगळं फोनवरूनच. एरवी चालून जातं पण परवा रात्री गेस्टचा फोन, सिंकखालचा पाईप निसटलाय आणि पाणी हॉलपर्यंत आलंय. प्लंबर फोन उचलेना. मेन व्हॉल्व्ह बंद करून निभावलं पण तो शोधण्यातच गेस्टचा अर्धा जीव गेला. तुम्ही काय व्यवस्था ठेवता? घर सांभाळणाऱ्या कंपनीला कमिशन देणं सध्या नको वाटतंय.

पाना_पक्कड
फोनवरून फक्त नुकसान थांबवायचं, दुरुस्तीच्या फंदात पडायचं नाही. व्हॉल्व्ह कुठाय, कसा फिरवायचा याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा आणि वेळ आली की व्हॉट्सॲपवर टाका, आधी पाठवलेला कोणी बघत नाही. जुना चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर काढून बॉल व्हॉल्व्ह बसवा, पाव फेरीत बंद होतो, दांडी पाईपला आडवी म्हणजे बंद, हे घाबरलेल्या माणसालाही कळतं. साफसफाईवाल्या ताईंना अधूनमधून उघडझाप करायला सांगा, नाहीतर ऐनवेळी जाम.

लांबची_मालकीण
प्लंबर दोन ठेवा, दोघांनाही आधीच सांगून ठेवा की अमुक रकमेपर्यंत मला न विचारता काम करा, फक्त आधीचे नि नंतरचे फोटो पाठवा. आणि दार कोण उघडणार ते बघा!! आमच्या शेजारच्या काकांकडे खरी चावी असते, स्मार्ट लॉकच्या बॅटरीवर माझा काडीचा भरवसा नाही. अजून एक, गेस्टशी बोलणं फोनवर झालं तरी बुकिंगच्या ॲपमध्ये मेसेज टाकाच, एअरबीएनबीवर गेस्टने प्रॉब्लेम लक्षात आल्यापासून 72 तासांत कळवायचा नियम आहे, पुढे रिफंडचा वाद झाला तर लेखी तेवढंच कामाला येतं.

फ्यूज_उडाला
विजेचं वेगळं. ट्रिप झालं, म्हणजे बोर्डावरचा स्विच आपोआप पडला, तर गेस्टला एकदाच तो वर करायला सांगा, परत पडला तर सोडून द्या, बऱ्याचदा गीझरचं एलिमेंट गेलेलं असतं. जमिनीवर पाणी असेल तर बोर्डाजवळ पाठवूच नका. गॅसचा वास आला तर दिवा, पंखा काही चालू-बंद करायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि इमर्जन्सीला फोन बाहेरूनच करायचा. आणि पाणी गळलं की फोनवर कळवणारा वायफायवाला लीक सेन्सर घेणार असाल तर वीज गेली की राऊटर बंद, सेन्सर मुका, म्हणून राऊटरला छोटा यूपीएस लावा.

वीकेंड_होस्ट
बॉल व्हॉल्व्हचं याच आठवड्यात करून घेतो. @लांबची_मालकीण, काकांना पैसे कसे देता? दर फेरीचे?

लांबची_मालकीण
नाही हो, महिन्याचे ठरलेले, फोन जावो न जावो. फेरीचे ठेवले होते तेव्हा नेमके त्याच रात्री ते कुणाच्या तरी लग्नाला गेलेले असायचे 😄