मदत हवी आहे : स्पर्धेसाठी हातातून न सरकणारा लगाम कोणता घ्यावा?

नमस्कार. मुलीसाठी नवा लगाम विकत घ्यायचा असून बाजारातील प्रकार पाहून निवड करणे अवघड झाले आहे, तेव्हा जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. मुलगी ११ वर्षांची आहे आणि घोडबंदर रस्त्याच्या परिसरात घोडेस्वारी शिकते. हिवाळ्यातील स्पर्धांत ती ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली व हालचाली करवून घेणे) आणि कमी उंचीचे शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या) अशा दोन्ही प्रकारांत भाग घेणार आहे. घोडा आणि खोगीर तिथलेच असते. लगाम मात्र स्वतःचा आणला तरी चालेल, असे तिच्या सरांनी सांगितले आहे.

सध्याचा लगाम साध्या, गुळगुळीत चामड्याचा आहे. ठाण्याच्या दमट हवेत सकाळच्या सरावातही तळहात ओले होतात, घोड्याच्या मानेवरचा फेसाळ घाम पट्ट्याला लागतो, आणि उडी घेताना घोडा मान पुढे ताणतो तेव्हा लगाम अनामिका व करंगळी यांच्यामधून सरकत जातो. उडीनंतर तो पुन्हा आखूड करेपर्यंत पुढच्या अडथळ्याकडे वळण्याची वेळ टळून जाते. मग ती मूठ आवळून धरते, मनगट ताठ होते आणि घोड्याच्या तोंडाला विनाकारण झटका बसतो. मला याचेच अधिक वाईट वाटते.

महालक्ष्मी रेसकोर्सवर पाहिलेल्या शो जंपिंगमध्ये बहुतेकांच्या हाती बारीक दाण्यांचे रबर चढवलेले लगाम दिसले. पकड उत्तम असली, तरी चामड्यावर रबर चढल्यावर पट्टा जाड होतो आणि लहान मुलीची मूठ नीट मिटत नाही. दुसरा पर्याय विणलेल्या पट्टीचा, ज्यावर ठरावीक अंतराने चामड्याचे आडवे तुकडे शिवलेले असतात. गोफासारखा विणलेला चामडी लगाम दिसायला सुरेख असतो, पण पावसाळ्यात त्याच्या विणीतली बुरशी कोण काढत बसणार? ड्रेसाज आणि जंपिंग या दोन्हींना एकच लगाम पुरेल का, आणि मुलांच्या हाताला किती रुंदी योग्य, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ताई, मी नेरूळला राहतो आणि माझी दोन्ही मुले शो जंपिंग करतात, त्या अनुभवावरून लिहीत आहे. पकड म्हटली की सगळे आधी रबर की चामडे हे पाहतात. मुलांच्या बाबतीत मी रुंदी आणि लांबी आधी पाहीन. मोठ्यांसाठी साधारण पाच अष्टमांश इंच किंवा त्याहून रुंद पट्टा असतो. तुमच्या मुलीला अर्ध्या इंचाच्या आसपासचा घ्या. लांबीही पोनीच्या मापाचीच हवी, कारण मोठ्या घोड्याचा लगाम लहान घोड्याला लावला, तर उरलेला फास खाली लोंबतो आणि त्यात पाय अडकण्याचा धोका असतो. शिवाय रबराचा भाग बिटपासून (घोड्याच्या तोंडातल्या, लगाम जोडतात त्या दांडीपासून) काही अंतर सोडून सुरू होतो. उडीच्या वेळी लगाम आखूड धरल्यावर मुलीची मूठ त्या रबरावर येते की अलीकडच्या गुळगुळीत चामड्यावर, हे घोड्यावर बसवूनच तपासा. मूठ चामड्यावर येत असेल, तर महागडे रबर असून नसल्यासारखेच.

तुमच्या गरजेला मला आडव्या तुकड्यांचा पट्टीदार लगाम अधिक योग्य वाटतो. तो पातळ असतो, धुता येतो, आणि दोन्ही हात समान तुकड्यावर आहेत की नाही हे मुलाला न पाहताही बोटांना कळते. ड्रेसाजसाठी बाहेरून साधे चामडे आणि आतून रबर असा लगामही मिळतो. तो नीटनेटका दिसतो, पण तेवढ्यासाठी आत्ताच दुसरा लगाम घेण्याची घाई नको. स्पर्धेच्या पत्रकातील साहित्याचे नियम सरांकडून एकदा पाहून घ्या. जंपिंगला रनिंग मार्टिंगेल (घोड्याने डोके फार वर उचलू नये म्हणून छातीकडून येणारा पट्टा, ज्याच्या कड्यांतून लगाम ओवतात) लावत असाल, तर लगामावर त्या कड्या अडवणारे रोधक तुकडे हवेतच, नाहीतर मार्टिंगेलची कडी पुढे सरकून बिटजवळच्या बकलात अडकते. ड्रेसाजच्या स्पर्धेत मार्टिंगेल चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कानपूरच्या खोगीरसामानाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथले चामडे चांगले असते. रबराचा लगाम घेतलाच, तर रबर जिथे संपते तिथली शिवण वाकवून पाहा, कारण चामडे आधी तिथेच तडकते. चामड्याला तेल लावताना ते रबरावर आणि पकडीच्या जागेवर येऊ देऊ नका. तेलाने रबर खराब होते आणि चामडे निसरडे. सरावानंतर ओलसर फडक्याने घाम पुसून लगाम सावलीत टांगावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नये.

धाग्याच्या लेखिकेचा प्रतिसाद :

मनःपूर्वक आभार. मार्टिंगेल लावतात, पण रोधकांकडे माझे लक्षच नव्हते. रविवारी सरांसमोर मूठ कुठे येते ते पाहून पट्टीदार लगामच घेईन. बिटला जोडण्यासाठी बकल घ्यावे की आकडा, एवढे मात्र सांगा. सईस रोज लगाम काढून धुतात, त्यामुळे माझा कल बकलाकडे आहे.