लियम जुरा खटला: वॉर्लपिरी रूढी आणि न्यायालय

प्रश्न: मेलबर्न संघाचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू लियम जुरा याच्यावर २०१२ मध्ये नातलगाला गंभीर इजा केल्याचा आरोप झाला आणि २०१३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. अशा खटल्यांत, तो ज्यातला आहे त्या ऑस्ट्रेलियातील वॉर्लपिरी या आदिवासी समाजाच्या परंपरागत न्यायाला काही स्थान असते का?

उत्तर १: दोष ठरवताना नाही, तिथे पुरावाच पाहिला जातो. शिक्षा ठरवताना ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील न्यायाधीश पूर्वी समाजाने दिलेला दंड विचारात घेत असत, परंतु २००७ च्या केंद्रीय कायद्याने रूढीच्या आधारे गुन्ह्याचे गांभीर्य कमी किंवा अधिक मानण्यास मनाई केली.

उत्तर २: ही मनाई मला अतिरेकी वाटते. सामोआ या पॅसिफिक बेटांच्या देशात ‘इफोगा’ ही पीडिताच्या कुटुंबाकडे केलेली जाहीर क्षमायाचना शिक्षा ठरवताना विचारात घेतली जाते, तरी न्यायालयाचा अधिकार अबाधित राहतो.

प्रश्नकर्ता: मात्र खेळाडूच्या प्रसिद्धीचे दडपण पीडितावर असेल, तर त्याने दिलेली क्षमा स्वेच्छेची आहे हे न्यायालयाने कसे तपासावे?